फिलिप्प धावत गेला

आजचे वाचन : प्रेषितांची कृत्ये ८:२६-४०

आजच्या वाचनात एक छोटासा शब्द आहे, घाईत वाचलं तर निसटतो. तिसाव्या वचनात फिलिप्प रथाकडे चालत गेला नाही, तो धावत गेला.

थोडं मागे जाऊ. फिलिप्प शोमरोनात होता. तिथे सेवा जोरात चालली होती, लोक विश्वास ठेवत होते. आणि नेमकं तेव्हाच देवदूत त्याला सांगतो, यरुशलेमेहून गज्जाकडे उतरणाऱ्या वाटेने जा. वाट तरी कसली, ओसाड! कोण भेटणार, काय बोलायचं, काहीच सांगितलेलं नाही. तरी तो उठून निघाला. पुढे रथ दिसतो. आत कूशी लोकांच्या कांदके राणीचा खजिनदार, उपासना करून घरी परतताना यशया वाचत बसलेला. आत्मा म्हणतो, त्या रथाजवळ जा.

रथ थांबलेला नव्हता बरं का. तो थांबवल्याचं आपण थेट अडतिसाव्या वचनात वाचतो. "उद्या बघू" म्हणायला तिथे उद्या नव्हताच.

पण धावत गेलेला फिलिप्प जवळ पोहोचल्यावर काय करतो? आधी ऐकतो. मग वाचताय ते समजतंय का, एवढंच विचारतो. खजिनदार स्वतः त्याला वर बोलावतो, तेव्हा तो शेजारी बसतो आणि यशयाच्या त्याच भागापासून येशूविषयी सांगू लागतो. मला हे फार आवडतं. त्याची घाई पायांत होती, जिभेत नव्हती.

आपल्या मराठी मंडळीलाही अशी एक भेट माहीत आहे. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने चालले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. बोलणं संस्कृत काव्यावरून सुरू झालं, मग ख्रिस्ताकडे वळलं, आणि त्या गृहस्थांनी टिळकांच्या हाती नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर टिळकांना पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या सहप्रवाशाचं नाव मात्र त्यांना कधीच कळलं नाही.

आपल्याकडे रथ येतो तो बहुतेक वेळा प्रश्नाच्या रूपात. ऑफिसच्या लिफ्टमध्ये मैत्रीण विचारते, "घरी एवढं चालू असताना तू शांत कशी गं?" तोंडातून पटकन निघतं, "सवय झालीय गं." मजला येतो, दार उघडतं, ती निघून जाते. तिला प्रवचन नको होतं. "मी रोज येशूशी बोलते, त्याने मला सांभाळलंय," इतकं पुरलं असतं. तिने पुढे विचारलं तर बोला, नाही विचारलं तर चहा प्या. १ पेत्र ३:१५ मध्ये उत्तर द्यायला तयार राहायला सांगितलंय, आणि ते सौम्यतेने व आदराने, हेही तिथेच आहे. कोणाच्या गळी काही उतरवायचं नाहीये. (सगळ्या ग्रुपवर वचनांचे फॉरवर्ड टाकणं म्हणजे रथामागे धावणं नव्हे!)

प्रार्थना : प्रभू येशू, आज माझ्या शेजारी जो कोणी बसेल, त्याचं ऐकायला मला कान दे. त्याने विचारलं, तर तुझं नाव घ्यायला मला लाजू देऊ नकोस. आमेन.