गावखडी ते वेत्ये : पायवाट आणि तिथी

पूर्णगडाजवळ मुचकुंदी नदी समुद्राला मिळते. खाडीच्या दक्षिणेस गावखडी, पुढे कशेळी आणि वेत्ये. नकाशात हा किनारा रेघेसारखा दिसतो. पायी चालणाऱ्याला तो सरळ कुठेच भेटत नाही. पुळण संपली की कडा, कडा चढला की सडा, सड्यावरून वहाळात उतार आणि पुन्हा चढ. गेल्या माघात आम्ही तिघे मित्र भूगोलाच्या अभ्यासासाठी ही वाट चाललो.

वर जांभा आणि खाली काळा कातळ अशी येथील घडण आहे. फ्रान्सिस बुकॅननने मलबारात पाहिलेल्या जांभ्यास १८०७ च्या ग्रंथात 'लॅटराइट' हे नाव दिले. त्याच्या मुळाशी विटेचा लॅटिन शब्द आहे. आमच्याकडे तोच दगड चिरा म्हणून घराच्या भिंतीत बसतो, तेव्हा विटेची उपमा कोणालाही पटावी. जांभा सच्छिद्र. पावसाचे पाणी त्यात मुरते, खालून लाटा पाया पोखरतात, आणि कड्याचे धोंडे सुटून खाली येतात. कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला प्रचंड हत्ती आहे. लांबी सुमारे १८ मीटर. कोकणातील अशी कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. जवळ उभे राहिल्यास नुसत्या रेघा दिसतात, हत्ती दिसत नाही!

वाटेत एका ठिकाणी सड्यावरची जुनी पायवाट बंद झाली आहे. जागा विकली गेली, चिऱ्यांचा गडगा उभा राहिला. आता पलीकडे जायचे तर कड्याखालच्या खडपांवरून, आणि तेही ओहोटीतच. म्हणून भरतीचे गणित महत्त्वाचे.

ते मला माझ्या आजीने शिकविले. ती शाळेत गेलेली नाही. "तिथीची पाऊणपट कर, तितक्या वाजता भरती," एवढेच तिचे सूत्र. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. दुपारी तीनला भरती, पहाटेही तीनच्या सुमारास, आणि ओहोटी नऊच्या आसपास. मी ते ताडून पाहिले. चंद्रामुळे भरतीची वेळ तीस तिथींत चोवीस तासांनी सरकते, म्हणजे तिथीला सरासरी ४८ मिनिटे. आजीची पाऊणपट ४५ मिनिटे देते. तिथीला तीन मिनिटांची तूट, पंधरा तिथींत पाऊण तासाची. शिवाय भरतीची वेळ ठिकाणागणिक मागेपुढे होते. आजीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणून तर तासभर हाताशी ठेवायचा, बाबा."

पौर्णिमा-अमावास्येला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते आणि उधाण येते. अष्टमीच्या सुमारास भांग, पाणी फार चढत नाही. आता सूत्र लावून पाहा. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. सकाळी मासळी विकून दुपारी परतणाऱ्या बायका त्या दिवशी खडपांवरून निर्धास्त येतात. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. परतीच्या वेळी पाणी कड्याला लागलेले, तेही उधाणाचे. त्या दिवशी रिकाम्या पाट्या डोक्यावर घेऊन त्या डांबरी रस्त्याने लांबचा वळसा घालतात. गडग्याला एक बेडे ठेवावे, असे गावकऱ्यांनी मालकास दोनदा सांगून पाहिले आहे. उत्तर अजून आलेले नाही.