काळ्या स्क्रीनशॉटमागे काय असतं

मी शाळेत संगणक शिकवतो. पालकसभा संपली की काही आई-वडील मोबाईल हातात घेऊन थांबतात. मुलाच्या फोनवर देखरेखीचं ॲप टाकलेलं असतं, ते ठरावीक वेळाने स्क्रीनचं चित्र त्यांच्याकडे पाठवतं, आणि त्यातली बरीच चित्रं नुसती काळी येतात. "सर, ॲप बिघडलंय का?" हा प्रश्न ठरलेला. असे फोन बघता बघता जे कळलं, ते सांगतो.

१. आधी काळेपणा नीट बघा. वरच्या पट्टीतलं घड्याळ आणि बॅटरी दिसतेय, पण खाली सगळं काळं आहे, तर देखरेखीचं ॲप धड आहे. त्या क्षणी उघडलेल्या ॲपनेच चित्र काढायला मनाई केली आहे. अँड्रॉइडमध्ये ही सोय 'फ्लॅग सिक्युअर' नावाने मुळातच आहे. बँकांची ॲप, टेलिग्रामची सीक्रेट चॅट, क्रोमची इनकॉग्निटो खिडकी, व्हॉट्सॲपवर एकदाच उघडणारा फोटो, हे सगळे ती वापरतात. ओटीटीवरच्या चित्रपटात कधी बटणं आणि सबटायटल दिसतात, मधली चित्राची जागा तेवढी काळी. पट्टीसकट सगळंच काळं असेल, तर चित्राची वेळ बघा. रात्री दोनची असेल, तर बहुधा स्क्रीनच बंद होती.

२. खात्री करायची तर मुलाला शेजारी बसवून कॅल्क्युलेटर उघडा आणि एक चित्र येऊ द्या. मग बँकेचं ॲप उघडून दुसरं. पहिलं स्वच्छ आणि दुसरं काळं आलं, की शोध संपला. संशय असलेल्या ॲपमध्ये पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबलं, तरी स्क्रीनशॉटला परवानगी नाही असं फोन स्वतःच सांगतो.

३. चित्रं यायचीच थांबली, तर दुखणं वेगळं. अँड्रॉइड १४ पासून स्क्रीन टिपायची परवानगी प्रत्येक वेळी नव्याने द्यावी लागते, त्यामुळे फोन बंद करून चालू केला की काम थांबू शकतं. परवानगी देताना 'एकच ॲप' निवडलं गेलं, तर बाकीचं टिपलं जात नाही. शिवाय बऱ्याच फोनांत बॅटरी सेव्हर मागे चालणारी ॲप बंद पाडतो. सेटिंग्जमध्ये त्या ॲपवरची बॅटरीची बंधनं काढा आणि ऑटोस्टार्ट चालू करा.

४. मनाई मोडायला जाऊ नका. फोन रूट करून, म्हणजे त्याची आतली कुलपं तोडून, ती काढून देतो म्हणणारे भेटतात, आणि काळजीने व्याकूळ झालेले पालक तयारही होतात. मी दर वेळी अडवतो. आपल्याकडे मुलाच्या हातातल्या फोनवर पुष्कळदा आईचं यूपीआय असतं, घरातले ओटीपी त्यावरच येतात. दुरून स्क्रीन बघून पैसे लुबाडणाऱ्यांपासून हाच काळा पडदा वाचवतो. अशा स्क्रीन शेअरिंगच्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये बँकांना सावध केलं होतं. रूट केलेल्या फोनवर बँकांची अनेक ॲप चालतही नाहीत.

५. काळ्या चित्रावरून मुलाला धारेवर धरू नका. त्या वेळी त्याने आईच्या सांगण्यावरून विजेचं बिल भरलेलं असू शकतं. इनकॉग्निटोची काळजी असेल, तर गूगलच्या फॅमिली लिंकवर त्याचं खातं जोडा. तिथे क्रोममध्ये इनकॉग्निटो उघडतच नाही.

६. आयफोनवर दुसऱ्या ॲपची स्क्रीन गुपचूप टिपायला ॲपल वाव देत नाही. तिथे २०१८ पासून असलेला 'स्क्रीन टाइम' वापरा. तो चित्रं देत नाही, वेळेची मर्यादा आणि ॲपवरची बंधनं देतो. लहान मुलांना तेवढं पुरतं.

७. ॲप मुलाला सांगूनच बसवा. गूगल प्लेचा नियमही तसाच आहे: देखरेखीच्या ॲपला लपता येत नाही, ते चालू असल्याची सूचना सतत दिसावी लागते. 'मुलाला कळणारही नाही' अशी जाहिरात करणारं ॲप बाहेरून उतरवायला लावतं आणि वर प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक ॲप ओळखणारी गूगलची तपासणी, बंद करायला सांगतं. तिथेच थांबा. सांगून बसवलं तरी टिपलेली चित्रं कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर जातात. त्यांत तुमच्या मुलीबरोबर तिच्या मैत्रिणीचे निरोप असतात, मैत्रिणीने विश्वासाने पाठवलेले फोटो असतात. त्या मुलीला किंवा तिच्या घरच्यांना कोणीही विचारलेलं नसतं. मला ही गोष्ट फार टोचते. म्हणून चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या पालकांना मी स्क्रीनशॉट बंद करून वेळेची मर्यादा आणि नवीन ॲपला मंजुरी एवढंच ठेवायला सांगतो.

८. कोणी मुलाला धमकावतंय किंवा फोटो मागतंय अशी शंका आली, तर पुढच्या चित्राची वाट बघत बसू नका. त्याच दिवशी मुलाशी बोला, चॅट पुसू देऊ नका, पैसे पाठवू नका. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. फोन करताना मूल शेजारी असू द्या, आणि त्याला ओरडणार नाही हे आधी सांगा.