१९७१चं मैदान वडिलांना दाखवायचंय. पोर्ट ऑफ स्पेन परवडेल का?

प्रश्न : आमचं येवल्यात पैठणीचं छोटं दुकान आहे. वडिलांनी नुकतीच सत्तरी गाठली. १९७१ साली गावसकर वेस्ट इंडीजमध्ये खेळला तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. त्या मालिकेच्या बातम्यांची कात्रणं त्यांनी अजून जपून ठेवली आहेत. पोर्ट ऑफ स्पेनचं ते मैदान त्यांना एकदा दाखवावं असं फार मनात आहे. आम्ही दोघंच जाणार, दोघंही शाकाहारी. दिवाळीत आणि लग्नसराईत दुकान सोडता येत नाही. इतक्या लांबचा प्रवास आमच्यासारख्यांच्या आवाक्यात बसेल का? व्हिसा कसा मिळवायचा? सुरुवात कुठून करायची?
— एक वाचक, येवला

उत्तर : बसेल, पण सुरुवात तिकिटापासून करू नका. आधी वडिलांना डॉक्टरांकडे घेऊन जा.

त्रिनिदाद हे बेट पिवळ्या तापाच्या म्हणजे यलो फीव्हरच्या यादीत आहे. तिथून भारतात परतणाऱ्याकडे या लशीचं प्रमाणपत्र नसेल, तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि एकदा घेतली की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. सरकारने नेमून दिलेल्या केंद्रांवरच मिळते, तुम्हाला त्यासाठी मुंबई किंवा पुणं गाठावं लागेल. लशीला पैसे फारसे लागत नाहीत. खरा प्रश्न वयाचा आहे. ही जिवंत विषाणूची लस आहे आणि साठीच्या पुढे तिचे गंभीर दुष्परिणाम होण्याचा धोका वाढतो, म्हणून वडिलांची औषधं, जुने आजार, अंड्याची ॲलर्जी हे सगळं डॉक्टरांपुढे ठेवून त्यांचा सल्ला घ्या. त्यांनी ‘नको’ म्हटलं तर हट्ट धरू नका. त्यावरचा पर्याय शेवटी सांगतो.

व्हिसाचं उत्तर सोपं आहे. त्रिनिदाद आणि टोबॅगोला भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि पुरेसे पैसे असल्याचा पुरावा जवळ ठेवायचा. वडिलांचा पासपोर्ट नसेल, तर नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ आत्ताच घेऊन टाका.

अडचण येते ती वाटेत. मुंबईहून पोर्ट ऑफ स्पेनला थेट विमान नाही, आणि जिथे विमान बदलायचं त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. स्वस्त तिकिटाच्या मोहात लोक फसतात ते इथेच. अमेरिकेत विमानतळाबाहेर पाऊल न टाकताही व्हिसा लागतो, कारण तिथे प्रत्येक प्रवाशाला इमिग्रेशनमधून जावंच लागतं. लंडनमार्गे जायचं तर ट्रान्झिट व्हिसा लागतो. शिवाय मुंबईचं विमान हीथ्रोला उतरतं आणि कॅरिबियनकडची बरीच विमानं गॅटविकहून सुटतात. म्हणजे सामान घेऊन, शहराला वळसा घालून दुसरा विमानतळ गाठायचा, आणि त्यासाठी व्हिसाही वेगळ्या प्रकारचा. सत्तरीच्या माणसाला मी या वाटेने नेणार नाही.

तुम्हाला बरी वाट ॲमस्टरडॅमची. केएलएमची विमानं मुंबईहून ॲमस्टरडॅमला जातात आणि तिथून आठवड्यातल्या मोजक्या दिवशी पोर्ट ऑफ स्पेनला. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे सामान थेट शेवटच्या मुक्कामी जातं आणि पहिलं विमान उशिरा पोहोचलं तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. विमानतळाच्या आतच राहून विमान बदलणाऱ्या भारतीयांना तिथे सहसा व्हिसा लागत नाही. तरी पैसे भरण्याआधी कंपनीकडून ईमेलवर खात्री करून घ्या, कारण हे नियमही बदलतात आणि विमानांची वेळापत्रकंही. वडिलांसाठी व्हीलचेअर मदत तिकीट काढतानाच मागा. त्याला पैसे पडत नाहीत आणि मोठ्या विमानतळावर माणूस थकत नाही.

घरातलं कोणी न्यू जर्सीकडे असेल आणि तुमच्या दोघांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा आधीच असेल, तर मात्र हिशेबच बदलतो. न्यूयॉर्कहून कॅरिबियन एअरलाइन्सचं थेट विमान साधारण पाच तासांत पोर्ट ऑफ स्पेनला पोहोचतं. मुलाकडे, बहिणीकडे जाताना हा फेरफटका जोडला तर तो सर्वांत स्वस्त पडतो. फक्त या सहलीसाठी अमेरिकेचा व्हिसा काढायला मात्र जाऊ नका.

कधी जायचं? मी म्हणेन, मार्च. तिथला कोरडा मोसम जानेवारी ते मे. जूनपासून पाऊस सुरू होतो आणि तो खेळ बघायला आलेल्यांची कीव करत नाही. जुलै २०२३मध्ये याच मैदानावर भारत आणि वेस्ट इंडीज यांच्यातली शंभरावी कसोटी झाली. विराट कोहलीचा तो पाचशेवा आंतरराष्ट्रीय सामना होता आणि त्यात त्याने शतकही केलं, पण शेवटचा अख्खा दिवस पावसाने खाल्ला. तेव्हा मार्च, पण कार्निव्हल उरकल्यावर. ॲश वेन्सडेच्या (ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होतो त्या बुधवारच्या) आधीचे सोमवार-मंगळवार हे कार्निव्हलचे मुख्य दिवस, तारीख दर वर्षी बदलते. त्या आठवड्यात खोल्यांचे भाव दुपटी-तिपटीवर जातात. मार्चचं आणखी एक कारण तुमचे वडील ओळखतील. त्या मालिकेतला पोर्ट ऑफ स्पेनचा पहिला सामना ६ ते १० मार्चदरम्यान झाला होता.

त्या सामन्याबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण तरुण वाचकांना फक्त गावसकर माहीत असतो. कप्तान अजित वाडेकर. मडगावचा दिलीप सरदेसाई, त्याने पहिल्या डावात ११२ काढल्या. एकनाथ सोलकर ५५. गावसकरची ती पहिलीच कसोटी, ६५ आणि नाबाद ६७. वेस्ट इंडीजच्या दुसऱ्या डावात सलीम दुराणीने सोबर्सचा शून्यावर त्रिफळा उडवला आणि लॉइडला वाडेकरच्या हाती झेल द्यायला लावलं. वेस्ट इंडीजला भारताने कसोटीत हरवलं ते त्या दिवशी पहिल्यांदा, सात गडी राखून. पुढे एप्रिलमध्ये मालिकेतली शेवटची कसोटीही पोर्ट ऑफ स्पेनलाच झाली. दाढदुखीने बेजार असलेल्या गावसकरने तिथे १२४ आणि २२० केल्या. मालिकेत एकूण ७७४ धावा. लॉर्ड रिलेटर या तिथल्या गायकाने त्याच्यावर कॅलिप्सो रचला. तेव्हा वडिलांना घेऊन जाताय ते नुसतं एक मैदान नाही, त्या गावानेही ही आठवण जपली आहे. रस्त्यावरच्या पिकल्या केसांच्या कुणाही माणसापुढे गावसकरचं नाव काढून बघा, गप्पांना विषय पुरेल.

मैदानाचं नाव क्वीन्स पार्क ओव्हल. ते सरकारी नाही, क्वीन्स पार्क क्रिकेट क्लबच्या मालकीचं आहे. सामना नसेल तेव्हा फाटकावरून आत सोडतीलच असं नाही. निघण्याआधी क्लबच्या कार्यालयाला ईमेल पाठवा, वडिलांचं वय आणि कारण स्पष्ट लिहा, भेटीचा दिवस ठरवून घ्या. प्रेक्षक गॅलरीत बसल्यावर समोर हिरव्या डोंगरांची रांग दिसते. तिथे बसायला निवांत अर्धा दिवस राखून ठेवा.

मुक्काम वुडब्रुक भागात करा. तिथली साधी गेस्ट हाउस मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, म्हणजे टॅक्सीचा खर्च वाचतो. दोघांना मिळून रात्रीला साठेक अमेरिकन डॉलरमध्ये स्वच्छ खोली मिळावी. भाव विचारताना १० टक्के रूम टॅक्स धरून आहे का, हे आवर्जून विचारा. स्वयंपाकघर असलेली खोली मिळाली तर सकाळचा चहा तरी घरचा होतो.

जेवणाची काळजी सोडा. १८४५पासून १९१७पर्यंत उसाच्या मळ्यांवर कराराने नेलेल्या लाखाहून जास्त भारतीय मजुरांचे वंशज त्या बेटावर नांदत आहेत. बहुतेक लोक भोजपुरी मुलखातले. त्यामुळे शाकाहारी माणूस तिथे उपाशी राहत नाही. सकाळी रस्त्याच्या कडेला डबल्सची गाडी शोधा. विक्रेता कागदावर हळद घातलेल्या दोन मऊ, तळलेल्या पुऱ्या (तिथे त्यांना ‘बारा’ म्हणतात) एकावर एक सरकवून टाकतो, वर चमचाभर रसदार छोले, मग चिंचेची चटणी, काकडी, आणि विचारतो, मिरची किती? ‘स्लाइट’ म्हणायचं. तिथली मिरची आपल्या लवंगीला भारी पडणारी आहे. उभ्याउभ्याच, कागदाच्या कडेने दुमडत खायचं, बोटं पिवळी होतातच. किंमत पाच ते दहा टीटी (त्रिनिदाद आणि टोबॅगो) डॉलरच्या घरात, आणि एका अमेरिकन डॉलरला साधारण पावणेसात टीटी डॉलर येतात. दोन डबल्समध्ये सकाळ भागते. दुपारी डाळपुरी आणि भोपळ्याची किंवा बटाट्याची भाजी. फक्त रोटीच्या दुकानात मांसाहारही असतो, तेव्हा भाजीचा डाव वेगळा ठेवतात का ते विचारून घ्या.

शहराबाहेर एक दिवस गाडी ठरवून जा. एरवी मॅक्सी टॅक्सी, म्हणजे तिथली मिनीबस, स्वस्त पडते. अंगावरच्या पट्ट्याच्या रंगावरून ती कुठल्या भागात जाते ते कळतं, दक्षिणेकडची हिरव्या पट्ट्याची, सिटी गेट स्थानकावरून सुटणारी. पण वडिलांना घेऊन गाड्या बदलत फिरण्यापेक्षा त्या एका दिवसाचे पैसे मोजलेले बरे. कारापिचाइमाला दत्त मंदिर आहे, म्हैसूरच्या दत्त पीठाशी जोडलेलं, आणि आवारात ८५ फुटी मारुती उभा आहे. गाणगापूर-नरसोबावाडी करणाऱ्या माणसाला एवढ्या लांब दत्तगुरू भेटावेत, याचं मोल मी काय सांगू! जवळच वॉटरलूला समुद्रातलं मंदिर. शिवदास साधू नावाच्या ऊसमजुराने ऊस कंपनीच्या जागेवर देऊळ बांधलं, कंपनीने ते पाडायला लावलं, त्यालाच शिक्षा झाली. मग ‘समुद्र तर कुणाच्या मालकीचा नाही’ अशा जिद्दीने त्याने एकट्याने वर्षानुवर्षं भर टाकून पाण्यात देऊळ उभं केलं. आजची इमारत नंतर पुन्हा बांधलेली आहे. परतताना वाटेवरच कॅरोनीची खारफुटी लागते. दुपारी चारच्या सुमाराला नावा सुटतात. संध्याकाळी लालभडक आयबिस पक्ष्यांचे थवे रातथाऱ्याला येतात. तो त्रिनिदादचा राष्ट्रीय पक्षी.

सुरक्षिततेबद्दल हात राखून लिहिणार नाही. त्रिनिदादमध्ये टोळ्यांमुळे होणारे खून हा मोठा प्रश्न आहे. डिसेंबर २०२४च्या अखेरीस आणि पुन्हा जुलै २०२५मध्ये तिथे आणीबाणी लावावी लागली. पर्यटक हे त्या टोळ्यांचं लक्ष्य नसतात, पण अंधार पडल्यावर पायी फिरू नका, पूर्वेकडच्या डोंगरउतारावरच्या वस्त्यांत जाऊ नका, पियार्को विमानतळावरून शहराची गाडी गेस्ट हाउसकडूनच मागवा. पोर्ट ऑफ स्पेनमध्ये भारताचं उच्चायुक्तालय आहे, त्यांच्या सूचना निघण्याआधी वाचा. लष्करी छापाचे कपडे घालणं तिथे कायद्याने गुन्हा आहे, लहानसा रुमालही त्या छापाचा नको. आणि वडिलांचा प्रवास विमा जुन्या आजारांसकट काढा, इथे काटकसर नको.

हिशेब असा. डॉलर ९० रुपये धरला, मुक्काम बारा रात्रींचा धरला, तर खोलीचे ६५ हजार, खाण्याचे २५-३० हजार, फिरण्याचे साधारण तेवढेच. विमानाला दोघांचे तीन ते साडेतीन लाख. विमा, लस, मुंबईचं जाणं-येणं धरून एकूण सव्वाचार ते पाच लाखांच्या दरम्यान. दोन तृतीयांशाहून जास्त पैसे विमानातच जातात. म्हणून पाच दिवसांत परत येऊन काटकसर होत नाही. गेलात तर दोन आठवडे राहा. बाकीची बेटंही उरकून टाकू, असं मात्र करू नका, बेटाबेटांमधली विमानं फार महाग असतात. पैसे अमेरिकन डॉलरमध्ये न्या, लागतील तसे बदला, कारण टीटी डॉलर परत आणले तर इथे कोणी घेत नाही.

आता डॉक्टरांनी लस नाकारली तर. मग ब्रिजटाउन, बार्बाडोस. तिथेही भारतीयांना व्हिसा लागत नाही आणि बार्बाडोस पिवळ्या तापाच्या यादीत नाही. युरोपातून विमानं भरपूर, फक्त ट्रान्झिट व्हिसाची चौकशी इथेही आधी करा. राहणं-खाणं त्रिनिदादपेक्षा महाग आहे, म्हणून बारा रात्रींऐवजी सात करा. केन्सिंग्टन ओव्हलवर त्याच मालिकेत सरदेसाईने १५० काढल्या आणि गावसकर नाबाद ११७ राहिला. वडिलांच्या कात्रणांत तो सामनाही असेल, काढून ठेवायला सांगा.