फोनवरचा गोड आवाज आणि आपले ऊस बिल



बेणे, खत, पाणी यांविषयी आपण नेहमी बोलतो. आज थोडे वेगळे बोलू. लागणीपासून तोडणीपर्यंत बारा ते अठरा महिने राबावे तेव्हा बिल खात्यात पडते. तेच बिल एका फोनवर दहा मिनिटांत निघून जाते. पूर्वी नरडाणा स्टेशनात गाडीत चढताना खिसा सांभाळावा लागे. आता खिसेकापू गावात येतच नाही, तो फोनवर येतो.

बोलणे साधारण असे असते : “आप्पा, कारखान्याच्या हिशेब खात्यातून बोलतोय. केवायसी नाही म्हणून तुमचा हप्ता अडकलाय. मोबाईलवर सहा आकडे आलेत ना, तेवढे सांगा, लगेच सोडतो.”

इथेच थांबावे. कोणालाही आपल्या खात्यात पैसे भरायचे तर खाते क्रमांक पुरतो, आणि तो कारखान्याकडे आहेच. ते सहा आकडे म्हणजे ओटीपी, आपल्या तिजोरीची किल्ली. पैसे देणाऱ्याला किल्ली कशाला हवी?

या लोकांची सोंगे अनेक, पण ओळखीच्या खुणा ठरावीक आहेत :

१) पिन. बैल, ट्रॅक्टर किंवा जुनी मोटर विकायला काढली की “ॲडव्हान्स पाठवतो, कोड स्कॅन करून पिन टाका” असे सांगतात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपलेच गेले.

२) फाइल. पीएम किसानचा हप्ता, सौर पंपाचे अनुदान अशा नावाने व्हॉट्सॲपवर फाइल येते, शेवटी ‘एपीके’ अक्षरे असतात. ती उघडून बसवली की फोनवर येणारे संदेश चोराला दिसू शकतात. मग ओटीपी विचारण्याचीही गरज उरत नाही.

३) धमकी. “आज रात्री वीज तोडू” असा संदेश साध्या मोबाईल नंबरवरून येतो. असे संदेश आपण पाठवत नसल्याचे महावितरणने वेळोवेळी जाहीर केले आहे. कोणी पोलिसाच्या गणवेशात व्हिडिओवर दिसतो आणि ‘डिजिटल अटक’ झाली म्हणतो. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनीही आकाशवाणीवरून हे सांगितले.

सोंग कोणतेही असो, आशा किंवा भीती दाखवायची आणि घाई करायची, हीच रीत. “फोन ठेवू नका, घरात सांगू नका” हे शब्द ऐकले की ओळखावे, पाणी मुरतंय. मुकादमाला उचल देताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो. मग न पाहिलेल्या माणसावर विश्वास का ठेवावा?

उपाय सोपा आहे. फोन ठेवा. पासबुकावरचा बँकेचा नंबर किंवा आपल्याकडे असलेला गट कार्यालयाचा नंबर स्वतः लावा आणि विचारा. आलेल्या नंबरावरच उलट फोन करू नका. इंटरनेटवर शोधलेला ‘कस्टमर केअर’ नंबरही पुष्कळदा बनावट निघतो.

आणि तरीही फसलात तर? लाजू नका. शिकलेसवरलेले, बँकेत नोकरी केलेलेही फसले आहेत. बदमाशी त्याची आहे, आपली नाही. लगेच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करा, बँकेला कळवा, तक्रार क्रमांक लिहून घ्या. १९३० वर तक्रार नोंदली की ती संबंधित बँकांकडे जाते. पैसे पुढच्या खात्यात असतील तर तिथेच रोखता येतात. मात्र चोर ते फार वेळ तिथे ठेवत नाही, म्हणून उद्यावर ढकलू नका.

रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेल्या नियमांचे तत्त्वही हेच. ओटीपी आपणच सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले. कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. म्हणजे प्रत्येक मिनिटाला किंमत आहे.

सभासदहो, आमची एकच विनंती आहे. हे पान वाचून बाजूला ठेवू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना, माय-बहिणींना मोठ्याने वाचून दाखवा आणि १९३० हा आकडा भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. उभा ऊस राखायला आपण रात्री जागतो. घरात आलेला पैसा राखायला दोन मिनिटे थांबणे काही जड नाही.