छपाई अडली? आधी रांग पाहा

लिनक्सवर प्रिंटर गप्प झाला की बरेच जण पुन्हा पुन्हा ‘प्रिंट’ दाबतात. मग एकच पान पाचदा निघतं. भित्तिपत्रक छापताना मी आधी टर्मिनल उघडतो. मित्रांनो, या आज्ञा रोमन छोट्या अक्षरांत टाइप करायच्या:

१. ‘एलपीस्टॅट -टी’ : प्रिंटरची स्थिती आणि रांगेतली कामं दिसतात.
२. ‘कॅन्सल’ आणि कामाचा क्रमांक : तेवढंच काम रद्द होतं, दुसऱ्याचं राहतं.
३. ‘सुडो कप्सएनेबल’ आणि प्रिंटरचं नाव : अडचणीमुळे थांबवलेला प्रिंटर पुन्हा सुरू होतो.

देवनागरीऐवजी चौकोन दिसले तर प्रिंटरला दोष देऊ नका. बहुधा फॉन्टच नसतो. उबुंटूवर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल फॉन्ट्स-लोहित-देवा’ द्या. कागद वाचतो, अन् आपलं मराठी पान मराठीतच निघतं.