भूल कोणती, हे टेबलावर ठरवू नका

बीड जिल्ह्यात सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या, की मळणी यंत्रात सापडलेले हात दवाखान्यात येऊ लागतात. पुढे ऊसतोडीत कोयत्याच्या जखमांची भर पडते. भूलतज्ज्ञ म्हणून इथे काम करताना एक वाद मी नेहमी ऐकतो : नुसता हात बधिर करायचा, की पूर्ण भूल द्यायची?

साठीतले एक मामा तालुक्याच्या एका दवाखान्यातून रात्री आमच्याकडे आले. बोटं चिरडलेली, त्याआधी नुकतीच पोटभर भाकरी खाल्लेली, त्यात बिडीचा जुना खोकला. तिथल्या भूलतज्ज्ञांनी ब्लॉक, म्हणजे नसांजवळ औषध टोचून फक्त हात बधिर करणं, सुचवला होता. तिथले सर्जन म्हणाले, "बसला नाही तर? माझा अर्धा तास जाईल. पूर्णच द्या." भूल चढताना पोटातलं अन्न वर आलं आणि फुप्फुसात उतरलं. बोटांचं ऑपरेशन चांगलं झालं, पण मामा व्हेंटिलेटरवर गेले. वाचले, मात्र रब्बीची पेरणी हुकली आणि घर कर्जात बुडालं.

सर्जनची शंका खोटी नाही. ब्लॉकला वेळ लागतो, कधी तो अर्धवटही बसतो. पण यावर उपाय आहेत. थिएटरची तयारी चालू असतानाच बाहेर ब्लॉक द्यावा. सोनोग्राफीत नस आणि सुई दोन्ही दिसतात, अचूकता वाढते. चादरी टाकण्याआधी सर्जनने स्वतः चिमट्याने एकेक बोट तपासावं. "मामा, हे कळतंय का?" "न्हाई बा, हात माझा हाय का नाही तेच कळंना!" हे कानाने ऐकलं, की सर्जनची निम्मी काळजी तिथेच मिटते.

मुळात ही विद्या सर्जन मंडळींनीच वाढवली. 1884-85मध्ये न्यूयॉर्कच्या विल्यम हॉलस्टेड यांनी नसांजवळ कोकेन टोचून अवयव बधिर केले. 1898मध्ये जर्मनीत ऑगस्ट बिअर यांनी कमरेतून भूल दिली. दोघेही सर्जन होते.

भूलतज्ज्ञांनीही पथ्यं पाळावीत. औषधाचा डोस वजनावर मोजावा. ते रक्तात गेल्यास उतारा म्हणून लागणारं लिपिड हाताशी असावं. पोट भरलेल्या पेशंटला गुंगी जास्त दिली, तर ब्लॉकचा फायदाच जातो. पूर्ण भुलेची तयारीही ठेवावीच. टोचायच्या जागी जंतुसंसर्ग असेल किंवा पेशंट नको म्हणत असेल, तर ब्लॉकचा हट्ट धरू नये.

नातेवाइकांनी ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना भेटावं. "फक्त हात बधिर करून जमेल का? नसेल, तर का?" एवढं मोकळेपणाने विचारावं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर सांगाव्यात. हात काही तास बधिर राहतो. तोवर तो झोळीत ठेवावा, चुलीजवळ नेऊ नये. आणि शेवटचं कधी खाल्लं, ते खरं सांगावं. ऑपरेशन लांबेल या भीतीने लपवलेली अर्धी भाकर जिवावर बेतते.