मुलांचे न्यायालय

अपराध्याला शिक्षा झाली की न्याय पुरा झाला, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु अपराधी कोवळ्या वयाचा असेल, तर केवळ शिक्षेने त्याचे मन सुधारत नाही. भीतीपोटी तो अपराध लपविण्यास मात्र शिकतो. मग मुलांच्या चुकांचा न्याय कोणी करावा? मुलांचा न्याय मुलांनीच करावा, असे धाडसी उत्तर पोलंडमधील एका डॉक्टरांनी दिले.

त्यांचे मूळ नाव हेन्रिक गोल्डश्मिट. परंतु यानुश कोर्चाक या टोपणनावानेच ते जगाला परिचित झाले. वॉर्सा शहरात 1912 साली पोरक्या ज्यू मुलांसाठी नवे अनाथगृह उघडले. कोर्चाक त्याचे प्रमुख होते. तेथे सुमारे शंभर मुले राहत. इतकी मुले एकत्र नांदली म्हणजे भांडणे, चोऱ्या, मारामाऱ्या व्हावयाच्याच. त्यांच्या निवाड्यासाठी कोर्चाक यांनी मुलांचे न्यायालय स्थापिले.

ज्याला आपल्यावर अन्याय झाला असे वाटे, तो फळ्यावर आपले व प्रतिपक्षाचे नाव लिही. आठवड्यातून एकदा न्यायालय भरे. त्या आठवड्यात ज्यांच्यावर एकही फिर्याद नसेल, अशा मुलांतून चिठ्ठ्या टाकून पाच न्यायाधीश निवडीत. शिक्षक केवळ चिटणिसाचे काम करी. त्याला मताचा अधिकार नसे.

या न्यायालयाचा कायदाही आगळाच होता. क्रमांक 100 च्या आतील कलमे क्षमेची अथवा फिर्याद सोडून देण्याची होती. पुढील कलमांत दोष उत्तरोत्तर कडक शब्दांत सांगितला जाई. कलम 1000 म्हणजे अनाथगृहातून हकालपट्टी. परंतु मारणे, कोंडणे वा उपाशी ठेवणे यांना त्या कायद्यात स्थान नव्हते.

हा कायदा थोरांनाही लागू होता. अर्ध्या वर्षात पाच वेळा कोर्चाक स्वतः या न्यायालयापुढे उभे राहिले. त्यांनी एकदा एका मुलाच्या कानशिलात मारली होती, तर एकदा एका मुलीवर चोरीचा आळ घेतला होता. या खटल्यांनीच आपल्याला खरा शिक्षक बनविले, अशी कबुली त्यांनी पुढे लिहून ठेवली. 1942 च्या ऑगस्टमध्ये नाझींनी त्या गृहातील सुमारे 200 मुलांना त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेले. जीव वाचविण्याची संधी असूनही कोर्चाक यांनी मुलांची साथ सोडली नाही. त्यांच्यासमवेतच त्यांचा अंत झाला.

बरोबरीच्यांनी न्याय करावा, हा विचार मात्र अन्यत्रही रुजला आहे. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील ओडेसा या गावी 1983 साली किशोरांचे न्यायालय सुरू झाले. पुढे तशी न्यायालये त्या देशात ठिकठिकाणी निघाली. किरकोळ गुन्हा कबूल करणारा मुलगा तेथे आपल्या वयाच्या पंचांपुढे उभा राहतो. समाजसेवा करणे, क्षमापत्र लिहिणे अशा शिक्षा त्याला मिळतात. त्या नीट पार पाडल्यास सामान्यतः त्याच्यावरील आरोप काढून टाकला जातो. पुष्कळ ठिकाणी त्याला आणखी एक काम करावे लागते. ते म्हणजे, पुढील एखाद्या खटल्यात पंच म्हणून बसणे.

काल जो आरोपी होता, तोच आज दुसऱ्याची बाजू शांतपणे ऐकून घेतो. चूक कोणाच्याही हातून होते आणि ती सुधारताही येते, हे त्याच्याइतके कोणाला कळणार?